अंकन आणि स्मारणा

मराठीत 'अंक' या शब्दाने किती कामे अंगावर घेतली आहेत! संख्येचे चिन्ह तो दाखवितो, नाटकाचा भाग दाखवितो, नियतकालिकाचा महिनोमहिनी निघणारा खंड दाखवितो, आणि जुन्या काव्यात आईची मांडीही दाखवितो. या अर्थांच्या गर्दीत त्याचा एक जुना अर्थ मात्र मागे पडला आहे, तो म्हणजे खूण, डाग. तो आता 'अंकित' या शब्दात तेवढा जिवंत आहे. मांडलिक राजास आपण सम्राटाचा अंकित म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगावर कोणी तापल्या लोखंडाचा डाग दिलेला नसतो. परंतु शब्दाच्या पोटात तो डाग आहेच. ज्याच्यावर दुसऱ्याची खूण आहे तो अंकित.

गुरांच्या कानातील बिल्ल्यांविषयी आणि वस्तूंवरील रेडिओ-पट्ट्यांविषयी लिहावयाचे ठरविले तेव्हा आम्हांस प्रथम हा शब्द आठवला. विषय तंत्रज्ञांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकांचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की संबंध फार जुना आहे, आणि तो थेट व्याकरणातून आलेला आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात एक सूत्र आहे (६.३.११५). 'कर्ण' हा शब्द पुढे असता, त्याच्या आधी खूण दाखविणारा शब्द आल्यास त्या शब्दाचा अंत्य स्वर दीर्घ होतो, असा त्याचा आशय. कानावर विळ्याच्या आकाराची खूण असलेले जनावर ते 'दात्राकर्ण'. 'दात्र' म्हणजे विळा, आणि त्याचा अंत्य 'अ' येथे 'आ' झाला. मग सूत्रकार नऊ अपवाद देतो. त्यांत आठाचा आकडा आहे, पाचाचा आहे, मणी आहे, छिद्र आहे, यज्ञातील स्रुव आहे, स्वस्तिक आहे. म्हणजे 'स्वस्तिककर्ण' म्हणावयाचे, 'स्वस्तिकाकर्ण' नव्हे. टीकाकार सांगतात की या खुणा पशूंचा मालक कोण ते कळावे म्हणून केलेल्या असत. एका स्वराच्या ऱ्हस्वदीर्घासाठी त्या महावैयाकरणाने गुराख्यांच्या खुणांची अशी यादी केली, आणि तिच्यामुळे अडीच हजार वर्षांपूर्वीचे गोठे आज आपल्याला दिसतात. अथर्ववेदात तर तांबड्या धातूच्या सुरीने वासरांच्या दोन्ही कानांवर जोडखूण करण्याचे सूक्तच आहे. कौटिल्याने गोध्यक्षाची कर्तव्ये सांगताना जन्मलेल्या प्रत्येक वासराचा डाग, अंगची नैसर्गिक खूण, रंग आणि शिंगांतील भेद वहीत नोंदवावा असे म्हटले आहे. आजच्या कोणत्याही पशुनोंदणीचा तक्ता काढून पाहावा. रकाने फारसे वेगळे नाहीत.

मग नवे काय आहे? तंत्र नवे आहे हे उघड आहे. परंतु आमच्या मते खरे नवेपण अर्थात आहे. जुनी खूण 'कोणाचे?' या प्रश्नाचे उत्तर देत असे. विळ्याची खूण असलेली शंभर गुरे एकाच मालकाची; त्यांतील ही कोणती, हे खुणेस ठाऊक नव्हते. ते गुराख्यास ठाऊक असे, आणि त्याने त्यासाठी नावे ठेवलेली असत. कपिला, मोरी, चंद्री, ढवळ्या, पवळ्या. खूण परक्यासाठी होती, नाव घरच्यासाठी होते. नवा बिल्ला या दोहोंच्या मध्ये येऊन बसला आहे. तो 'ही कोणती?' या प्रश्नाचे उत्तर देतो, म्हणजे नावाचे काम करतो. परंतु ते परक्यासाठी करतो.

त्याची रचना थोडक्यात सांगावयास हवी. जनावराच्या कानात टोचावयाच्या रेडिओ-बिल्ल्यात तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे असते आणि तांदळाच्या कणीहून लहान अशी एक चकती. त्यात विजेरी नसते. वाचकयंत्र जवळ आणले की त्याच्या लहरींतून त्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते, चकती जागी होते, आपला क्रमांक परत पाठविते आणि पुन्हा झोपी जाते. जनावरांसाठीची आंतरराष्ट्रीय वारंवारिता १३४.२ किलोहर्ट्झ आहे. इतक्या मंद लहरी ओल्या कातड्यातून आणि मांसातूनही विनासायास जातात. क्रमांक पंधरा आकडी असतो, आणि पहिले तीन आकडे बहुधा देशाचे, भारताचे ३५६.

येथे 'वाचकयंत्र' या शब्दावर आम्ही अंमळ थांबलो. विचारल्यावाचून बोलावयाचे नाही, विचारल्यावर एकच उत्तर द्यावयाचे, आणि तेही विचारणाऱ्याच्याच शक्तीवर: असा हा मजकूर आहे. हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ साली परावर्तित शक्तीने संदेशवहन कसे करता येईल यावर लेख लिहिला, तो या तंत्राचा एक आद्य लेख मानतात. त्याच्या तीन वर्षे आधी, १९४५ साली, मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूतास लाकडात कोरलेली राजमुद्रा भेट दिली होती. तिच्या आत लेव्ह थेरेमिन या संशोधकाने केलेले एक उपकरण होते. त्यास ना तार ना विजेरी. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की ते खोलीतील बोलणे परत पाठवी. १९५२ पर्यंत ती मुद्रा राजदूताच्या निवासात टांगलेली राहिली. आणि १९७० च्या दशकात गाईंसाठीच्या रेडिओ-बिल्ल्यांवर काम झाले ते लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत, जेथे पहिला अणुबाँब घडला. हेरगिरी, युद्ध आणि गोठा यांची ही सोयरीक आम्ही जुळविलेली नाही. इतिहासानेच ती जुळविली आहे.

वस्तूंच्या बाबतीत या तंत्राने जे केले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांस चटकन समजेल. साबणाच्या वडीवरील रेघांचा बारकोड ती वडी कोणत्या प्रकारची हे सांगतो. त्या प्रकारच्या लक्षावधी वड्यांवर तोच बारकोड असतो. रेडिओ-पट्टी मात्र ही विवक्षित वडी, असे सांगू शकते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर बारकोड आवृत्ती सांगतो, पट्टी प्रत सांगते. वॉलमार्टने २००३ साली आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांस जानेवारी २००५ पर्यंत खोक्यांवर अशा पट्ट्या लावण्यास सांगितले तेव्हा हे तंत्र जगाच्या तोंडी आले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग ही त्याच कुळातील वस्तू. आम्ही ज्या ग्रंथालयात बसतो तेथेही आता प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठामागे एक चौकोनी पट्टी चिकटविलेली आहे. ग्रंथालयांना आवृत्ती आणि प्रत यांतील भेद पूर्वीपासून ठाऊक होता. दाखल अंक हा प्रतीचाच अंक. फरक एवढाच की जुन्या पुस्तकात तारखांची एक चिठ्ठी असे. कोणा अनोळखी वाचकाने १९७४ च्या पावसाळ्यात हे पुस्तक लागोपाठ तीनदा नेले होते, हे आम्हांस त्या चिठ्ठीवरून कळे आणि उगीचच सोबत वाटे. आता हा सारा इतिहास अधिक नेमकेपणाने नोंदला जातो. परंतु पुस्तक उघडणाऱ्यास तो दिसत नाही. तो यंत्रास दिसतो.

हाच मुद्दा गोठ्यात आला की त्याला रक्तमांस येते. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. चुलत्यांच्या दावणीला एक पंढरपुरी म्हैस होती. या जातीची शिंगे तलवारीसारखी लांब, पार खांद्यामागे जाणारी. हिचे एक शिंग वर जाऊन आत वळलेले होते, त्यामुळे वाटेवरचे शेंबडे पोरही तिला ओळखी. तिचा विमा उतरविलेला होता, कानात विमा कंपनीचा बिल्ला होता. एका उन्हाळ्यात बाभळीच्या कुंपणात कान अडकून बिल्ला तुटला. काट्यात तो शोधला, सापडला नाही. बिल्ला पडला तर कळवून नवा मारून घ्यावा अशी अट कागदावर होती. कळविले, तारीख मिळाली, आणि त्या तारखेच्या आत म्हैस पोट फुगून मेली. पशुवैद्यकांचा दाखला झाला, पंचनामा झाला, सरपंचांची आणि शेजाऱ्यांची सही झाली. कंपनीचा माणूस आला, कान पाहिला, आणि म्हणाला, "काकू, बिल्ला असल्याबिगर काही करता येत नाही. नियमच आहे तसा."

चुलती म्हणाली, "अरे बाबा, बिल्ला मेला नाही, म्हैस मेली."

दावा नामंजूर झाला. रक्कम पन्नास हजारांची होती. ती त्या घरास किती होती हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आम्ही या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. त्या माणसास दोष देणे सोपे आहे आणि निरर्थकही. बिल्ल्याची अट नसती तर एका मेलेल्या म्हशीवर चार दावे आले नसते, असे कोण म्हणेल? 'बिल्ला नाही तर दावा नाही' हा पशुविम्याचा सर्वत्र चालणारा नियम अनुभवातूनच आलेला आहे. आम्हांस खुपते ते निराळे. त्या दिवशी अंगणात वीस माणसे उभी होती, जी शपथेवर सांगत होती की ही म्हैस तीच. वळलेले शिंग सर्वांसमक्ष पडलेले होते. कौटिल्याच्या गोध्यक्षाने ते शिंग नोंदवून घेतले असते. त्याच्या वहीत डाग आणि शिंग शेजारीशेजारी होते. म्हणजे दोन हजार वर्षांत ओळख अधिक नेमकी झाली, परंतु साक्ष कमी झाली. माणसाची साक्ष पुरावा म्हणून उरली नाही, आणि म्हशीच्या स्वतःच्या देहाचीही उरली नाही.

तरीही बिल्ल्याची बाजू मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ हळहळ होईल. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ आली. मेंढ्या बाजारांतून कोठून कोठे गेल्या याचा माग लागेपर्यंत रोग देशभर पसरला होता, आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. युरोपात मेंढ्यांस इलेक्ट्रॉनिक ओळख देण्याचा नियम ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाला, त्यामागे ही आठवण होती. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जन्मणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांनाही तो बिल्ला बंधनकारक झाला. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसला आणि पाहता पाहता राज्यभर गेला, तेव्हा कोणत्या जनावरास लस मिळाली आणि कोणत्यास नाही हे सांगण्यास कानातील बारा आकडी पिवळा बिल्लाच होता. तो रेडिओचा नव्हे, साध्या बारकोडाचा. परंतु कूळ एकच. २०१९ च्या पशुगणनेत देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन मोजले गेले. इतक्या जीवांची काळजी नावे घेऊन वाहता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून खरेदी-विक्री बंद, आणि सरकारी दवाखान्यातील उपचारही नाहीत, असे ठरविले. रोगाचा माग काढावयाचा तर बिल्ला हवा, हे पटते. परंतु बिल्ला नाही म्हणून आजारी गाय दारातून परत जावी, येथे आम्हांस पुन्हा चुलतीचे वाक्य ऐकू येते. खूण जनावरासाठी आहे की जनावर खुणेसाठी?

महाभारताच्या वनपर्वात घोषयात्रेची कथा आहे. पांडवांची विपन्नावस्था डोळ्यांनी पाहावी अशी दुर्योधनाची इच्छा. परंतु धृतराष्ट्रास सांगावयाचे काय? तेव्हा निमित्त काढले जाते की गुरांच्या मोजणीचा समय आला आहे, वासरांस डागावयाचे आहे. दुर्योधन खरोखरच जातो, गुरे मोजतो, वासरे डागवितो, आणि पुढे गंधर्वांच्या हाती बांधला जातो. ज्यांना हिणवावयास गेला त्यांनाच त्याला सोडवावे लागते. मोजणी हे दुसऱ्याच हेतूचे निमित्त होऊ शकते, हे व्यासांस पुरते ठाऊक होते. आजच्या नोंदींबाबतही हाच प्रश्न शिल्लक राहतो: साथीसाठी केलेली यादी पुढे कोण, कशासाठी वाचणार आहे?

परंतु त्या कथेतील एका शब्दासाठी आम्ही तिच्याकडे वारंवार जातो. गुरांच्या मोजणीस तेथे 'स्मारणा' म्हटले आहे. मोजणे म्हणजे आठवणे. एकेक जनावर समोरून जाऊ द्यावयाचे आणि ही अमकी, ही अमकीची मुलगी, असे म्हणत मनात ठेवावयाचे. अंकन आणि स्मारणा ही कामे तेथे एकाच दमात सांगितलेली आहेत, पण ती दोन आहेत. पहिले यंत्राकडे गेले, आणि ते यंत्र आपल्याहून चांगले करते. दुसरे कोणाकडे गेले, हे त्या पंधरा आकड्यांत कोठेही लिहिलेले नसते. ते आपल्याकडेच आहे असे धरून चालणे बरे. असो.