मोत्या, मी आणि मोटार

म्हातारपणी माणसाने काशीला जावे, असे आपल्याकडे सांगतात. मी मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षी न्यू जर्सीतले बिऱ्हाड मोडून कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला निघाले, आणि तेही स्वतः मोटार हाकीत, शेजारी मोत्याला बसवून!

मोत्या म्हणजे आमचा लॅब्राडोर. ‘आमचा’ आपले म्हणायचे. खरा तो ह्यांचा. हे गेल्यापासून तो दाराकडे तोंड करून पडून असे. मला सॅक्रामेंटोच्या एका शाळेत गणित शिकवायचे काम मिळाले. विमानाने जायचे तर काही तासांचा प्रश्न. पण अकरा वर्षांच्या, धाप लागणाऱ्या कुत्र्याला विमानाच्या पोटात सामानाबरोबर घालू नका, असे जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, देऊन टाक ना त्याला कुणाला तरी.” मी फोन ठेवला आणि नकाशा उघडला. तोवर वाण्याच्या दुकानापलीकडे मी मोटार नेली नव्हती. लांबच्या प्रवासात चाक नेहमी ह्यांच्या हाती!

इंटरस्टेट ८० हा रस्ता न्यू जर्सीतून निघतो तो थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन थांबतो. लांबी सुमारे २,९०० मैल. मौज अशी, की कुत्र्याला घेऊन अमेरिका ओलांडण्याची चाल पहिल्या प्रवासापासूनचीच आहे. १९०३ साली होरेशियो जॅक्सन नावाच्या डॉक्टराने पन्नास डॉलरांच्या पैजेखातर, एका मेकॅनिकला बरोबर घेऊन, सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. त्यापूर्वी हे कुणालाच साधले नव्हते. वाटेत आयडाहोत त्याने बड नावाचा कुत्रा घेतला. धुळीने बडचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा त्यालाही गॉगल चढवला! ६३ दिवसांनी मंडळी न्यूयॉर्कला पोचली. बडचा तो गॉगल स्मिथ्सोनियन संग्रहालयाने जपून ठेवला आहे.

आम्हाला नऊ दिवस लागले. दिवस जुलैचे. उन्हात बंद मोटारीची काही मिनिटांत भट्टी होते, म्हणून मोत्याला आत ठेवून उपाहारगृहात पाऊल टाकायची सोय नव्हती. झाडाखाली बसून पोळीची गुंडाळी आणि थर्मासमधला चहा, हेच आमचे पक्वान्न. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर सरले, मिसिसिपी ओलांडली, आयोवात दोन्ही बाजूंना मक्याचा समुद्र लागला. पण मोत्या दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता.

नेब्रास्कात रस्ता प्लॅट नदीची सोबत धरतो. १८४० नंतर पश्चिमेकडे निघालेल्या बिऱ्हाडांच्या गाड्या याच नदीकाठाने गेल्या. तिथे कर्नी गावी मोटेलात उतरलो. बाहेर पुरुषाची पावले वाजली, की मोत्याचे कान ताठ होत. पावले पुढे गेली, की पडत. मी जमिनीवर बसून रडले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच! मग उठले, दुकानातून दही आणि तयार भात आणला, कालवला, आणि हे म्हणायचे तसे म्हणाले, “चला रावसाहेब, पंगत बसली!”

मोत्याने मान वळवली. बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग उठून आला आणि माझ्या हातूनच सारा भात खाल्ला. त्या रात्री तो दाराशी नाही, माझ्या पायाशी निजला.

पुढचा प्रवास दोघांचा झाला. वायोमिंगमध्ये लॅरमीजवळ हा रस्ता ८,६४० फुटांवर चढतो. वाऱ्याने मोटार हलत होती, पण माझा हात हलला नाही. यूटातल्या मिठाच्या पांढऱ्या मैदानात मोत्याने जमीन चाटून पाहिली आणि असे तोंड केले, की मी एकटीच मोठ्याने हसले.

शेवटचा घाट डोनर खिंडीचा. १८४६च्या हिवाळ्यात इथे बर्फात अडकलेल्या तांड्यातली जवळजवळ निम्मी माणसे दगावली. एका कुटुंबावर आपला लाडका कुत्रा मारून खाण्याची पाळी आली. मी मोटार थांबवली, मोत्याला पाणी पाजले आणि थोडा वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले. नवे घर करायला निघालेल्यांनी काय काय मागे टाकले! मला तर एवढ्याशा सोबत्यालाही टाकावे लागले नव्हते.

संध्याकाळी सॅक्रामेंटोच्या घराचे कुलूप उघडले. मोत्याने दोन्ही खोल्या हुंगल्या, स्वयंपाकघरात फेरी मारली आणि अंग टाकले. दाराकडे पाठ करून!