उडी मारण्याआधीची दहा मिनिटं

शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो. शहापूर असो की मुरबाड, लांब उडीच्या खड्ड्याकडेला पोरं पायाचे अंगठे धरून, मांड्या-पोटऱ्या ताणत बसलेली दिसतात. आम्हा पीटीच्या शिक्षकांना ते बरंही वाटतं, कारण पोरं शिस्तीत दिसतात. पण ज्या स्नायूंनी क्षणात झटका द्यायचा, त्यांनाच आपण उडीच्या तोंडावर निवांत करत असतो.

कॅनडातले डेव्हिड बेम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एकाच स्नायूला ६० सेकंद किंवा जास्त वेळ स्थिर ताण दिला, तर लगेच नंतरची कामगिरी सरासरी साडेचार टक्क्यांनी घटते. त्याहून कमी वेळ ताण दिला, तर घट जेमतेम एक टक्का. हलत्या व्यायामांनी मात्र कामगिरी टक्काभर वाढते. पन्नास सेंटिमीटर उंच उडणाऱ्याचे साडेचार टक्के म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर. स्पर्धेत तेवढ्यावर नंबर जातो. लांब ताणानंतर मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम काही काळ मंदावतो, स्नायूचा ताठपणाही उतरतो. हालचालीने अंगात ऊब येते, आणि तापलेला स्नायू जोर लवकर काढतो.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आवणीला वाकणारी, उकिडवं बसून तासभर गप्पा मारणारी, डोंगर चढून शाळेत येणारी पोरं मुळातच लवचीक असतात. त्यांचे घोटे आणि खुबे मोकळे असतात. त्यांना हवी असते ऊब आणि चपळाई. त्यांना मी थोडं धावायला लावतो, मग पाय झुलवणं, चालते लंजेस, गुडघे उंच घेत धावणं आणि शेवटी दोन-चार हलक्या उड्या. कसाऱ्याच्या लोकलने रोज कॉलेजला ये-जा करणारा, दिवसभर बाकावर बसणारा मुलगा आला, तर त्याच्या घोट्याला आणि खुब्याला जास्त वेळ देतो, तोही हालचालीतूनच. कबड्डीत कोपऱ्यात खाली बसून घोटा पकडणाऱ्याला खोलवर बसता आलंच पाहिजे आणि तिथून जोरही लावता आला पाहिजे. म्हणून त्याला रिकाम्या हाताने पूर्ण बैठका देतो. लांब, स्थिर ताण मी सरावानंतर किंवा संध्याकाळी वेगळा ठेवतो. लवचीकता तेव्हाही वाढते.

पोरांना हे पटवायला भिंत आणि खडू पुरतो. हात वर करून पोचेल तिथे एक खूण, जागेवरून उडी मारून दुसरी, आणि मधलं अंतर टेपने मोजायचं. अशा उभ्या उडीच्या चाचणीची मांडणी अमेरिकेतल्या डडली सार्जंट यांनी १९२१ साली केली होती. एक दिवस बसून लांब ताण, दुसऱ्या दिवशी हलता वॉर्मअप, आणि दोन्ही दिवशी उड्या. एखाद्या पोराच्या दोन दिवसांच्या उड्यांत फरक दिसतही नाही. त्याला आवडतं ते करू देतो, फक्त ताण लहान ठेवायला सांगतो.

खरी गोची मैदानावर होते. पाव तासात अंगातली ऊब उतरू लागते, आणि पाहुण्यांची भाषणं त्याहून लांबतात. त्यामुळे वॉर्मअप घड्याळ बघून नव्हे, पुकाऱ्याचा कागद बघून करावा. आपला नंबर चार जणांवर आला की उठायचं, दोन उड्या मारायच्या, स्वेटर शेवटच्या क्षणी काढायचा. घाटाकडून गार वारा सुटला असेल, तर आणखी आधी उठायचं.