छपराखालचं ऊन

अकोल्यात घर बांधायला काढलेला माणूस फरशीसाठी चार दुकानं पालथी घालतो, ग्रिलच्या नक्षीवर घरातल्या सगळ्यांची मतं घेतो आणि छपराचा विषय निघाला की "स्लॅब पाच इंची टाका" एवढं सांगून मोकळा होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात घराच्या ज्या अंगावर सगळ्यात जास्त ऊन पडतं, त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोलणं होतं. बांधकामाच्या या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावरही मला याचं वाईट वाटतं.

हल्ली निदान विचारणा तरी होते. "थर्माकोल चांगलं की पफ? तो चांदीचा कागद लावला तर?" मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, की त्या छपराखाली तुम्ही कधी असता? दुपारी की रात्री?

एका मास्तरांनी यावर दिलेलं उत्तर मला फार आवडलं होतं. "दुपारी मी शाळेत राहतो जी. मले रातची झोप पाह्यजे." त्यांच्या वरच्या मजल्यावर रात्री नऊ वाजता स्टुलावर चढून मी छताला तळहात टेकवला. तवा उतरवून ठेवल्यावर बराच वेळ जशी धग येत राहते, तशी त्या गिलाव्यातून येत होती. खाली कूलर धडधडत होता. त्याची हवा गार होती, पण वरून छत डोकं तापवत होतं. पाच इंची काँक्रीट दुपारचं ऊन पिऊन घेतं, ते खालच्या अंगाला पोचायला संध्याकाळ होते, आणि मग मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत ओतलं जातं. गच्चीवर वारा सुटलेला असतो तेव्हा खालची खोली भट्टी झालेली असते, ती यामुळे.

काँक्रीट उष्णता अडवत नाही. २ इंची एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलचाच दाट, पाणी न पिणारा भाऊबंद) जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला ८ फुटांहून जाड काँक्रीट ओतावं लागेल. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेनं छपरासाठी मर्यादा घालून दिली आहे. आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपली नेहमीची स्लॅब, वर वीटबंदी कोबा घातल्यावरसुद्धा, त्याच्या साधारण दुप्पट उष्णता आत सोडते. तो २ इंची बोर्ड मध्ये आला की हा आकडा मर्यादेच्या निम्म्याखाली जातो.

माळवदाच्या घरात वाढलेली माणसं म्हणतात, आमच्या घरात कुठला आला होता बोर्ड? खरं आहे. सागाचे सरे, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि वर हात-दीड हात पांढरी माती. एवढ्या जाडीतून दुपारचं ऊन आत उतरायलाच रात्र व्हायची, आणि उतरायचं तेही बोथट होऊन. शिवाय घरची माणसं उन्हाळ्यात रात्री वर माळवदावरच निजायची. छप्पर आणि माणसांची दिनचर्या एकमेकांना धरून होती. आपण माती काढून स्लॅब आणली आणि निजायला खाली आलो. दर पावसाळ्याआधी माती चढवायला, गळकी जागा बुजवायला आता कुणाला वेळ नाही, त्यामुळे मी माळवदाचा आग्रह धरत नाही. पण ते छप्पर बांधणाऱ्यांना झोपेची वेळ ठाऊक होती, हे विसरता येत नाही.

मास्तरांच्या गच्चीवर आम्ही थर वरून दिला. खालून, म्हणजे छताला आतून बोर्ड चिकटवणं सोपं आणि स्वस्त पडतं, पण मग स्लॅब उन्हात उघडीच राहते. रोज ताणली जाते, रोज आकसते, तडा जातो आणि पावसाळ्यात पाणी. वरून थर दिला की स्लॅब सावलीत येते. रात्री खिडक्या उघडल्या की ती गार होते आणि दुसऱ्या दिवशी तो गारवा खोलीला देते.

यातलं खरं काम बोर्डाखालचं असतं. कठड्याच्या मुळाशी वाटा (कोपऱ्यातला गोलवा) नीट मारलेला हवा, जलरोधक थर त्यावरून कठड्यावर चढलेला हवा, आणि मग पाण्याच्या पाइपांची तोंडं बुजवून गच्चीत पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायचं. खाली ओल आली नाही तरच पुढचं काम. बोर्ड इतके हलके, की वाऱ्याच्या झुळकीनं उचलले जातात. मजूर त्यांच्यावर घमेली ठेवून बसतात. कडांना खाच असलेलेच बोर्ड घ्यावेत, एकाची कड दुसऱ्याखाली सरकते. सरळ कडांचे बोर्ड कितीही चिकटून लावले तरी बोटभर फट राहते, आणि ऊन त्याच फटीतून वाट काढतं. पाइपाभोवतीचा तुकडा मिस्त्री घाईत वेडावाकडा कापतो. तिथं मी स्वतः बसतो. मग वर कापड, त्यावर जाळी टाकून उताराचा कोबा, आणि शेवटी पांढऱ्या टाइलचे तुकडे. पांढरेच. गच्चीला हौसेनं विटकरी रंग मागणाऱ्याला मी हात जोडतो.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेले काही जण तिथल्या पोटमाळ्यात अंथरलेल्या काचतंतूंच्या गुलाबी गाद्यांचे फोटो दाखवतात. "अगदी असंच घाला." तिथं उतरत्या लाकडी छपराखाली रिकामा पोटमाळा असतो. बर्फाच्या दिवसांत घरातली ऊब वर निसटू नये म्हणून त्याच्या तळावर फूट-फूटभर थर देतात. बाष्प अडवणारा पडदाही ऊबदार बाजूला, म्हणजे खाली लावतात. आपल्याकडे ऊन वरून येतं, आणि सपाट स्लॅबवर पोटमाळा नसतो. त्या गाद्या आपल्या गच्चीवर घातल्या तर पहिल्या पावसात भिजून बसतील, आणि भिजलेली गादी काही अडवत नाही.

पत्र्याचा हिशेब निराळाच. पत्रा ऊन साठवत नाही, सूर्य चढला की लगेच तापतो आणि मावळला की लगेच निवतो. त्याचा सगळा जाच दुपारी. आणि दुपारी पत्र्याखाली कोण असतं? शिवणकाम करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या, लेकरं सांभाळणाऱ्या बाया. अशाच एका शिवण वर्गाच्या शेडमध्ये आधीच कुणीतरी चांदीचा कागद लावून दिला होता, तरी बायका घामानं निथळत होत्या. एक पट्टी सोडवून पाहिली. कागद पत्र्याला सलग चिकटवलेला, मध्ये हवेला जागाच नाही. चकचकीत कागद तापला तरी उष्णता फार थोडी फेकतो, हाच त्याचा गुण. पण समोर मोकळी हवा असेल तरच. चकचकीत बाजूच पत्र्याला टेकली की तो नुसता पत्र्याचाच एक थर होतो. आम्ही तो काढून पत्र्याखाली वीतभर अंतरावर तारेच्या जाळीवर ताणला, चकचकीत बाजू खाली ठेवून, कारण वर ठेवली तर वर्षभरात धूळ बसते आणि चकाकी मरते. दोन्ही टोकांना भिंतीच्या माथ्याशी झरोके ठेवले, म्हणजे मधली तापलेली हवा बाहेर पडेल. सामान जवळजवळ तेच होतं. दुसऱ्या आठवड्यात बायका दुपारच्या सुट्टीतही आतच बसू लागल्या.

थोडे जास्त पैसे असतील तर पत्र्याखाली मी रॉकवूल सुचवतो. दगड वितळवून त्याचे तंतू काढतात. आपल्या पायाखालचा काळा बेसाल्ट त्यासाठी वापरतात, हे मला फार छान वाटतं. ते जळत नाही. पफचे, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचे, तयार पॅनेल उष्णतेला जास्त चांगले अडवतात, पण आग लागली तर त्यांचा धूर जीवघेणा असतो, म्हणून जिथं खाली शेगडी पेटते तिथं मी ते लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. थर्माकोलचंही तेच.

आणि पैसे नसतील तर चुना. हे मी कमीपणानं सांगत नाही. पांढऱ्याशुभ्र चुन्यावर पडलेलं बहुतेक ऊन आल्या वाटेनं परत जातं, आत शिरतच नाही. अहमदाबादेनं झोपडवस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं काम शहरपातळीवर हाती घेतलं, तेलंगणानं २०२३ मध्ये त्यासाठी राज्याचं धोरण केलं. आपल्या गावात निदान घरकुलाच्या स्लॅबवर आणि शाळेच्या पत्र्यांवर हे का होऊ नये, असं मी भेटेल त्या नगरसेवकाला विचारतो. मार्चमध्ये छप्पर झाडून, धुऊन, कोरडं करून चुन्यात डिंक घालून दोन हात मारायचे, दुसरा हात पहिल्याला आडवा. धूळ बसली की पांढरं मळतं, म्हणून एप्रिलच्या शेवटी एकदा धुवायचं, आणि पाऊस चुना धुऊन नेतो म्हणून पुढच्या मार्चमध्ये परत. पत्र्यावर चढताना खिळ्यांच्या ओळीवरून, म्हणजे खाली आडवी पट्टी असते तिथूनच चालायचं, आणि सकाळी नऊच्या आत उतरायचं.