गाडी द्यायची आहे

जुनी मोटारसायकल बघायला आलेला माणूस आधी टायर बघतो. मग खाली वाकून इंजिनाला तेलाचा ओघळ आहे का ते बघतो, किक मारून कान लावतो, सायलेन्सरमागे उभा राहून धुराचा रंग पारखतो. हे सगळं झाल्यावर हात पुसत पुसत विचारतो, "एवढी चांगली गाडी आहे, मग का देताय?" समोरचा माणूस कोल्हापुरातला असो की परभणीतला, शिक्षक असो की शेतकरी, उत्तर एकच येतं. "वापर नाही हो. नुसती उभी असते."

या उत्तरावर सहसा कुणी विश्वास ठेवत नाही. काहीतरी लपवतोय, इंजिन खोललेलं असणार, नाहीतर गाडी कुठेतरी जोरात पडलेली असणार, असं घेणाऱ्याच्या मनात येतंच. मला मात्र हे उत्तर बहुतेक वेळा खरं वाटतं. ते फक्त अर्धं असतं. गाडी बिघडली म्हणून विकणारे थोडे. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाडीत बिघडायला असतं तरी काय? केबल, क्लचप्लेट, चेन-स्प्रॉकेट, आणि अगदीच झालं तर बोअर-पिस्टन. तालुक्याच्या गावचा कुठलाही मिस्त्री ते काम करून देतो. गाडी धडधाकट असते. बदललेलं असतं ते घर.

लग्नाआधी घेतलेल्या गाडीवर एके दिवशी मागे कुणीतरी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतं आणि इतके दिवस नुसत्याच खडखडणाऱ्या साडीगार्डला अर्थ येतो. दोनेक वर्षांत टाकीवर एक लहान मूल येऊन बसतं, हँडल मधोमध घट्ट धरून, वाऱ्यानं डोळे बारीक करून. मोटारसायकलच्या आयुष्यातले हे सगळ्यात भरलेले दिवस. मग दुसरं मूल होतं. पहिल्याची उंची वाढते आणि त्याच्या डोक्याआडून समोरचा रस्ता दिसेनासा होतो. नवरा-बायकोच्या मध्ये धाकटं, डाव्या हाताला पिशवी, आणि चौकात हवालदार दिसला की मोठ्याला उतरवून चालत पुढे यायला सांगायचं. एखाद्या जूनमध्ये चौघंही चिंब भिजून कुणाच्या तरी लग्नाला पोचतात आणि त्या रात्री घरात चारचाकीचा विषय पहिल्यांदा गंभीरपणे निघतो. सेकंड हँड मारुती ८०० असो वा अल्टो, तिच्या पैशांत मोटारसायकलची रक्कम फार मोठी भर घालत नाही. पण ती विकली जाते. कारण दारात जागा एकाच गाडीची असते, आणि हप्त्याच्या घरात प्रत्येक रुपयाला काम असतं.

गाडी विकण्याच्या सगळ्या कारणांत एक मला फार आवडतं. बायकोला, मुलीला गाडी शिकायची असते. पुण्यातल्या बायका लुना आणि कायनेटिक होंडामुळे आधीच रस्त्यावर आल्या होत्या. लुना निघाली १९७२ मध्ये आणि कायनेटिक होंडा १९८४ मध्ये. बाकीच्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत हे घडलं ते पुढे, बिनगिअरच्या स्कूटर सगळीकडे दिसायला लागल्यावर. दोन गाड्या परवडत नाहीत, मग अशी एक घ्यायची जी घरातल्या सगळ्यांना चालवता येईल. नवऱ्याची चार गिअरची गाडी जाते आणि तिच्या जागी स्कूटर येते. नवरा काही दिवस कुरकुरतो, पाय पुढे ठेवून बसायचं जमत नाही म्हणतो, डावा पाय उगाच गिअर शोधत राहतो. पण पहिल्या आठवड्यातच कधीतरी त्याची बायको त्याला न विचारता बँकेत जाऊन येते, येताना भाजी आणते, आईकडे डोकावून येते. गाडी विकून एखाद्या घरात इतकं काही आलेलं मी दुसऱ्या कुठल्या व्यवहारात पाहिलेलं नाही.

आणि एक कारण बोलून दाखवलं जात नाही, ते म्हणजे गुडघा. जुन्या बुलेटवाल्यांचं हे दुखणं. डीकॉम्प दाबून पिस्टन जागेवर घ्यायचा, अँपिअरचा काटा मधोमध आला की लिव्हर सोडायचा, आणि मग सगळं अंग तोलून एकच किक. अंदाज चुकला तर किक उलटी येते आणि नडगी फुटते. ऐन उमेदीत हे सगळं अंगात मुरलेलं असतं. साठी जवळ आली की गाडी मेन स्टँडला लावताना शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. पहिल्यांदा हाक मारताना काही वाटत नाही. पुढे रोजच मारावी लागते, आणि एक दिवस तो मुलगाच विचारतो, "काका, द्यायची आहे का गाडी?" जिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, अशी गाडी चालवायला त्या मुलाला नव्यानं शिकावं लागणार असतं, तरी त्याच्या डोळ्यांत ती भरलेली असते. अशा गाड्या कधी बाजारात पोचतच नाहीत. गल्लीतच घर बदलतात.

विकण्याला हंगामही असतो. गुढीपाडवा आणि दसरा हे नव्या गाडीचे मुहूर्त, म्हणून त्यांच्या आगेमागे जुन्या गाड्या बाहेर पडतात. शोरूमवाला एक्सचेंजमध्ये पडेल भावानं घेतो, पण एका दिवसात मोकळं करतो. खंडेनवमीला हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून पुजलेली गाडी दुसऱ्या दिवशी सोन्याच्या मुहूर्तावर देऊन टाकायची, हे अनेकांना जड जातं. ते दिवाळीपर्यंत थांबतात. जुलैत शहरांतली शिकणारी मुलं गाड्या काढतात. कुणाचं कॉलेज संपलेलं असतं, कुणाला परदेशी जायचं असतं, कुणाला बेंगळुरूची नोकरी लागलेली असते. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी इथल्या आरटीओची ना-हरकत आणि तिथला रस्ता कर. एवढ्यापेक्षा विकलेली बरी, असा हिशेब होतो.

पितृपंधरवड्यात मात्र गाडी घ्यायला सहसा कुणी येत नाही. त्या दिवसांत "गाडी द्यायचीय" म्हणून जो फिरतो, तो नडलेला असतो आणि दलालाला ते लगेच कळतं. त्याहून अवघड वेळ मृगाच्या तोंडाची. मराठवाड्यात, विदर्भात मे महिन्याच्या शेवटी गाड्या निघतात त्या बियाण्याच्या पिशव्यांसाठी आणि डीएपीच्या पोत्यांसाठी. पीककर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवाळीत सोयाबीनच्या पैशांतून घेतलेली गाडी पुढच्या पेरणीला मोडायची, ती निम्म्याच्या आसपास, कारण त्याच आठवड्यात गावातल्या आणखी चौघांना हीच घाई असते. नोव्हेंबरात हीच गाडी दीडपट भावानं जाईल हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असतं. अशा वेळी भाव पाडून घेणारा माणूस मला सहन होत नाही. आणि ज्यांचे हप्ते थकतात, त्यांना तर विकण्याचीही सवड मिळत नाही. फायनान्सवाले गाडी ओढून नेतात आणि ती यार्डात लिलावाला उभी राहते. पुस्तकावर बोजा असलेली गाडी उघडपणे विकता येत नाही, म्हणून बरेच जण आधी पाहुण्यांकडून उसने घेऊन बोजा उतरवतात आणि मग गाडी विकून पाहुण्यांचे फेडतात.

काही विक्री काळच घडवून आणतो. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये. फोर-स्ट्रोक इंजिन, थोडक्या पेट्रोलात लांबची मजल. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा राजदूत आणि येझदीवाल्यांनी एक एक करत आपल्या गाड्या काढल्या. त्याच १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १००ही आली. ती टू-स्ट्रोक, ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, वजनाला हलकी. कॉलेजातल्या मुलांची ती गाडी १९९६ मध्ये बंद झाली. पुढं धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोकचा बाजार ओसरला. नोकरी लागलेल्या, संसाराला लागलेल्या मुलांनी आरएक्स मिळेल त्या भावाला देऊन टाकल्या. टू-टी ऑइल घाला, धूर सहन करा, आणि ॲव्हरेज तर बघायलाच नको! आज नीट ठेवलेल्या आरएक्सला लाखाच्या वर मागणी असते. त्या वेळी विकणाऱ्यांना मी चुकलेले म्हणणार नाही. त्यांना तेव्हा पैसे हवे होते आणि ते तेव्हा मिळाले. घराला भाड्याची अनामत लागत असताना वीस वर्षांनी येणाऱ्या भावासाठी गाडी कोण सांभाळतो?

नियमही गाड्या बाहेर काढतात. ३१ मार्च २०१७ नंतर बीएस-३ गाड्या विकता येणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि शेवटच्या दोन दिवसांत शोरूमसमोर रांगा लागल्या. स्वस्तात मिळाली म्हणून नवी दारात आली आणि रोज धावणारी जुनी एका रात्रीत भिंतीकडे गेली. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर गाडी पुन्हा तपासणीला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायची. म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी भाव घसरायला लागतो आणि बरेच जण तेव्हाच हात मोकळे करतात.

पण विकणं म्हणजे नुसते पैसे घेऊन चावी देणं नव्हे, आणि इथं मला जरा आग्रहानं बोलायचं आहे. आपल्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून, पुस्तकाबरोबर हातात देऊन मोकळं व्हायची रीत आहे. घेणारा म्हणतो, "पुढच्या आठवड्यात नावावर करून घेतो." तो आठवडा येत नाही. गाडी त्याच्याकडून तिसऱ्याकडे जाते, तिसऱ्याकडून चौथ्याकडे, सह्या त्याच. कायद्याच्या नजरेत मात्र ज्याच्या नावावर नोंद, तो मालक. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं की गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत फिरली असली, तरी जबाबदारी नोंदीतल्या मालकाचीच. म्हणून घेणाऱ्याला बरोबर घेऊन कागद आरटीओत देईपर्यंत, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा उमटवेपर्यंत आणि नव्या नावाचं पुस्तक डोळ्यांनी बघेपर्यंत गाडी आपलीच समजावी. ज्या गाडीनं इतकी वर्षं आपल्याला सुखरूप घरी आणलं, तिचं एवढं आपण देणं लागतो.

घरातला माणूस गेल्यावर उरलेल्या गाडीचे कागद वेगळे. तिथं फॉर्म ३१ लागतो, मृत्यूचा दाखला लागतो, वारसांची संमती लागते. बऱ्याच घरांत ते कागद कुणी करतच नाही. झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल उडून जातं, बॅटरी बसते, टायर जमिनीला टेकतात. नातेवाईक म्हणतात, "कशाला सडवताय, चार पैसे येतील." त्यांचं बरोबर असतं, आणि न विकणाऱ्या आईचंही. माझा कल आईकडे आहे. गंजून लोखंडाच्या भावात गेली तरी चालेल, असं तिनं म्हटलं तर तो हिशेब तिचा, त्यात दुसऱ्यानं पडू नये.

आणि मग काही वर्षांनी उलट शोध सुरू होतो. मुलं मोठी झालेली असतात, हाती थोडा पैसा असतो, आणि तीच, आपल्याच नंबरची गाडी परत मिळेल का, असं मनात येतं. जुना नंबर कुणी विसरलेलं नसतं. शासनाच्या एमपरिवहन ॲपवर तो टाकला की मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसतं, पण विमा कधीपर्यंत आहे, नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे ते कळतं. मुदत वाढवलेली असली म्हणजे गाडी चालू आहे. ज्यांनी व्यवहार कागदोपत्री पुरा केला होता, त्यांना माग लागतो. फॉर्मची जुनी झेरॉक्स निघते, घेणाऱ्याचं गाव निघतं, तिथल्या मिस्त्रीचा फोन मिळतो, आणि अखेर पलीकडून एक तरुण आवाज सगळं ऐकून घेतो. गाडी आहे, उत्तम आहे, गेल्याच महिन्यात टाकी रंगवली. बघायला अवश्य या, जेवायलाच या. पण विकायची नाही, वडिलांची आहे.