गढूळ पाण्यातली पिल्लं

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला, पाण्यात पाच-सहा मीटर खाली, खडपाच्या पायथ्याशी पुळणीत दोन डोळे दिसले. आधी नुसते डोळेच. मग त्यांच्यामागची दोन भोकं उघडझाप करताना दिसली, वाळूचे चार कण उडाले, आणि मग लक्षात आलं की हे पाकटाचं पिल्लू आहे. शेपूट सोडली तर जेमतेम माझ्या तळहाताएवढं. पाकटाचं तोंड पोटाच्या बाजूला असतं. वाळूत बसलं की ते गाडलं जातं, म्हणून श्वासाचं पाणी डोळ्यांमागच्या भोकांतून आत घ्यायचं. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. कडा एकदा थरथरल्या, अंगावर वाळू चढली, डोळे तेवढे बाहेर राहिले. माझी टाकी धरून असलेला प्रशिक्षक पुढे चलण्याची खूण करत होता. माझा पाय निघेना.

होडीत आल्यावर तो म्हणाला, "वागळीचा पिल्लू होता ता. हात लावूचो नाय कधी." वागळी म्हणजे पाकटच.

पाकटाची अंडी आईच्या पोटातच फुटतात. बलक संपला की गर्भाशयाच्या अस्तरातून दुधासारखा पौष्टिक रस पाझरतो आणि पिल्लं त्यावर वाढतात. जन्मताना त्यांचे पंख सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले असतात आणि शेपटीवरच्या काट्याला मऊ आवरण असतं, आईला इजा होऊ नये म्हणून. एवढी निगुतीची तयारी, आणि बाळंतपण झालं की आई निघून जाते. त्या क्षणापासून पिल्लू एकटं. मला हे निष्ठुर वाटत नाही. पोटात असताना सगळं देऊन झालेलं असतं.

तो काटा मी आधी पाहिला होता, म्हणजे त्याचं काम पाहिलं होतं. 2013 चे गणपती. दीड दिवसाच्या विसर्जनाला मुंबईत गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या कितीतरी लोकांना पाकटांनी डंख मारला. त्यात माझा मामेभाऊ होता. मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि ओरडतच मागे आला. घोट्याजवळ एक बारीकशी जखम, रक्त थोडंच, पण एरवी कशाला न कण्हणारा तो मुलगा चाळीच्या जिन्यात बसून रडत होता. कुणी बर्फ सांगितला, कुणी चुना. मामी हळदीचा डबा घेऊन धावली. तेवढ्यात चाळीला मासळी देणारी कोळीण मावशी आरतीला आली होती, ती पुढे झाली. "बर्फ नको. पाणी तापव. सोसेल तेवढं गरम." बादलीत पाय बुडवून त्याला बसवलं, पाणी निवलं की पुन्हा तापवलेलं ओतलं. हळूहळू त्याचा चेहरा सैल झाला. मग रुग्णालयात नेलं, तिथेही डॉक्टरांनी आधी पाय गरम पाण्यातच ठेवायला लावला. त्या विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. मावशीनं निघताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पाण्यात पाय उचलून टाकू नको रे. घाशीत चाल. त्याला कळलं कोणी येतंय, की ते आपणहून जातं."

दरवर्षी विसर्जनाआधी महापालिका स्टिंग रे आणि जेलीफिशपासून सावध राहायला सांगते. त्या पत्रकात मावशीचं हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापावं असं मला मनापासून वाटतं.

मालवणला येणारे पुष्कळ जण पाण्याबद्दल कुरकुरतात. निळंशार नाही, लांबचं दिसत नाही. मला ते हिरवट, गढूळ पाणीच आवडतं. खाड्यांचा गाळ, कांदळवनाचा पाला, शेवाळाची दाट बेटं यांतच पिल्लांना खायला मिळतं आणि लपायलाही. 1987 साली इथलं 29.12 चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, ते अशाच पाण्याचं आहे. व्हिडिओत मासे दिसावेत म्हणून त्यांच्यापुढे पावाचा चुरा सोडतात, ते मात्र बघवत नाही.

निळ्याशार पाण्यातलं एक पिल्लू मात्र मला फार आवडतं. अंदमानात प्रवाळाच्या कपारीत दिसणारं एम्परर एंजलफिशचं. गर्द निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं, एकात एक. मोठेपणी तोच मासा पिवळ्या आडव्या पट्ट्यांचा होतो, डोळ्यांवर काळा पट्टा येतो. दोघांत काही म्हणजे काही साम्य उरत नाही. मोठे मासे आपल्या हद्दीत आपल्यासारख्या पट्ट्यांचा दुसरा मासा खपवून घेत नाहीत, म्हणून पिल्लांना हा निराळा पोशाख, असं मानतात. जर्मन अभ्यासक ब्लॉखनं 1787 मध्ये मोठ्या माशाचं वर्णन केलं. 1801 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर श्नायडरनं पुरा केलेल्या ग्रंथात, पिल्लाचं वर्णन वेगळी जात म्हणून आलं आणि तिला निकोबारचं नाव मिळालं. मेलेल्या नमुन्यांवरून त्यांना कळणार तरी कसं? त्यासाठी कुणीतरी ते पिल्लू जिवंत ठेवून, त्याची वर्तुळं मोडत पट्टे उमटेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायला हवं होतं.