कवरत्तीचं गोड पाणी

कोचीहून आलेलं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेरच थांबलं. लहान बोटीतून कवरत्ती बेटावर उतरलो. माड, पांढरी वाळू, हिरवंनिळं पाणी, सारं डोळे भरून पाहिलं. मन मात्र अडकलं ते पाण्याच्या पेल्यात. २००५ पासून इथे समुद्राचंच पाणी गोड करतात. वरच्या कोमट पाण्याची निर्वात टाकीत वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलातल्या गार पाण्याने ती निववतात. दिवसाला एक लाख लिटर! घोट घेतला, जिभेवर मिठाचा मागमूस नाही. लगेच आमचं गाव, वडनेर भोलजी आठवलं. आमच्याकडे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात समुद्र शेकडो मैल दूर, तरी विहिरी खारट. संध्याकाळी जहाजावर परतताना एक बाटली भरून घेतली, आईसाठी.