डब्यातून नको, ताटात ये

चि. सोयाबीन यास,
अनेक आशीर्वाद.

'चि.' लिहिलं म्हणून रुसू नकोस. मी लग्न होऊन लातूरकडे आले तेव्हा शिवारात ज्वारी, तूर, मूग यांचा मान होता. तू मागून आलास आणि बघता बघता खरिपाचा कारभारी झालास. म्हणजे वयानं मीच थोरली.

पत्राचं कारण तुझा डबा. माझी तीन महिन्यांची साखर ६.२ आली. साडेसहापासून मधुमेह म्हणतात, तेव्हा मी अजून उंबऱ्यावर. बातमी कळताच भाच्यानं तुझी पावडर आणली. "मावशी, रोज दुधातून दोन चमचे. साखर गायब!"

भाचा प्रेमळ आहे, पण मी वाचते. इंग्लंडमध्ये पाळी गेलेल्या ३२ मधुमेही बायकांना १२ आठवडे रोज तुझी ३० ग्रॅम प्रथिनं दिली, सोबत आयसोफ्लेवोन हे तुझ्यातलंच एक द्रव्य. २००२ साली निकाल छापून आला : साखर नि इन्सुलिन थोडं उतरलं. मला बरं वाटलं. मग २०१० चा हाँगकाँगचा अभ्यास हाती लागला. त्यातल्या १८० जणी थेट माझ्या बहिणी : पाळी गेलेली, कुणी उंबऱ्यावर, कुणी नुकतं आत पाऊल टाकलेलं, औषध कुणालाच नाही. एका गटाला रोज तुझी १५ ग्रॅम प्रथिनं आणि १०० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन, दुसऱ्याला दुधाची प्रथिनं नि तेच आयसोफ्लेवोन, तिसऱ्याला नुसती दुधाची प्रथिनं. कुणाच्या पुडीत काय, हे घेणारीला ठाऊक नाही नि देणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी तिन्ही गटांच्या साखरेत सांगण्यासारखा फरक नव्हता.

यात तुझा दोष काय? सकाळी ताटलीभर पोहे, वर साखरेचा चहा, आणि त्यावर तुझे दोन चमचे. तू तरी कुठे पुरा पडणार?

दाण्याच्या रूपात मात्र तू मला आवडतोस. रात्री भिजवायचं, कुकरमध्ये चांगलं मऊ शिजवायचं (कच्चा राहिलास तर पोटात दंगा करतोस), आणि कांदा-लसणाची उसळ. वाटीभर उसळीसोबत दोन भाकऱ्यांच्या जागी एकीवर भागतं. ही कमी झालेली भाकरी मला डब्यातल्या चमच्यापेक्षा खरी वाटते. दळणात तुला मिसळायचं, तर आधी उकळून, वाळवून मगच गिरणीवर न्यायचं, हेही आता जमलंय.

एक भांडण उरलंय. धाकट्या जावेला थायरॉईडची गोळी आहे आणि तू तिची गोळी पोटात नीट शोषली जाऊ देत नाहीस. म्हणून तिची गोळी पहाटे, आणि तू दुपारी जेवणात. यावर कुरकुर चालणार नाही.

दिवाळीनंतर पुन्हा रक्त तपासायचंय. आकडा उतरला तर श्रेय संध्याकाळच्या चालण्यालाही जाईल, आधीच सांगून ठेवते. डबा भाच्याला परत दिलाय.

तुझी,
लातूरची मावशी